मरीन टँकसाठी समुद्राचं पाणी: कुठून, कधी आणि कसं आणायचं

घरात खाऱ्या पाण्याचा टँक असलेला माणूस रत्नागिरी, मालवण, वेंगुर्ला नाहीतर गोव्याकडचा असेल तर त्याला कोणी ना कोणी विचारतंच, की अरे समुद्र एवढा दाराशी असताना तू टँकचं पाणी बनवायला मीठ पाकिटातलं कशाला आणतोस. प्रश्न बरोबरच आहे. पण उत्तरं मिळतात ती दोन टोकांची, एक म्हणजे काही होत नाही, कॅन भर आणि ओत, आणि दुसरं म्हणजे समुद्राचं पाणी घातलंस की सगळे मासे गेलेच म्हणून समज. दोन्ही उत्तरांना अर्थ नाही. समुद्राचं पाणी चांगलंच असतं, बऱ्याचदा मिठापासून बनवलेल्या पाण्यापेक्षा चांगलं असतं, फक्त ते कुठल्या जागेचं, कुठल्या महिन्यातलं आणि भरतीच्या कुठल्या वेळेचं यावर सगळं ठरतं.

आधी वॉटर चेंज, म्हणजे टँकचं पाणी बदलणं, कशासाठी ते बघू, कारण ते कळलं की पुढचं आपोआप कळतं. टँकमध्ये मासे खातात, घाण करतात, उरलेलं खाणं कुजतं, त्यातून आधी अमोनिया, मग नायट्राइट आणि शेवटी नायट्रेट तयार होतं. पहिल्या दोघांचा बंदोबस्त बॅक्टेरिया करतात पण नायट्रेट साठत जातं, फॉस्फेट साठतं, आणि दुसरीकडे कोरल म्हणजे प्रवाळ असतील तर ते पाण्यातलं कॅल्शियम आणि केएच (कार्बोनेट हार्डनेस, म्हणजे पाण्यातल्या कार्बोनेट-बायकार्बोनेटचं माप) संपवत असतात. म्हणून थोडं जुनं पाणी काढायचं आणि तेवढंच नवं घालायचं. समजा नायट्रेट ४० पीपीएम (लिटरमागे ४० मिलिग्रॅम) आहे आणि तुम्ही २० टक्के पाणी बदललं तर ते ३२ वर येतं, पुन्हा २० टक्के बदललं की साडेपंचवीसच्या आसपास. पण हे कधी, तर नव्या पाण्यात नायट्रेट शून्य असेल तेव्हा. तुम्ही आणलेल्या पाण्यातच नायट्रेट १५-२० असेल तर कितीही कॅन ओता, त्याच्या खाली आकडा जाणारच नाही. खाडीच्या तोंडाशी भरलेल्या पाण्यात हे सहज होऊ शकतं.

आता समुद्राच्या पाण्यात असतं काय. एक किलो पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार, यालाच आपण ३५ पीपीटी म्हणतो. त्यातला मोठा भाग सोडियम आणि क्लोराइड, म्हणजे आपलं नेहमीचं मीठ, आणि उरलेल्यात मॅग्नेशियम, सल्फेट, कॅल्शियम, पोटॅशियम वगैरे. १८७२ ते १८७६ या काळात चॅलेंजर नावाचं ब्रिटिश जहाज जगभराच्या समुद्रात फिरलं, जागोजागचं पाणी भरून आणलं आणि विल्यम डिटमार या केमिस्टने त्यातले ७७ नमुने तपासून १८८४ मध्ये निकाल छापला. निकाल असा, की खारटपणा जागेप्रमाणे कमीजास्त होतो पण त्या क्षारांचं एकमेकांतलं प्रमाण जवळपास सगळीकडे तेच राहतं. सरबतात थोडं पाणी जास्त झालं तर ते फिकं लागतं पण साखर आणि लिंबाचं आपसातलं गणित बदलत नाही, तसंच. आपल्या कामाचं त्यात हे, की अरबी समुद्राचं पाणी आणि प्रवाळ बेटाजवळचं पाणी यांच्या मूळ क्षारांत फारसा फरक नाही, आणि तुमचं पाणी नुसतं फिकं असेल तर ते दुरुस्त करता येतं.

पाकिटातलं मीठ म्हणजे याच पाण्याची नक्कल, आणि चांगल्या कंपनीची नक्कल चांगलीच असते, त्याबद्दल वाद नाही. पण १०० लिटर पाण्याला साधारण पावणेचार ते चार किलो मीठ लागतं, त्याला आरओचं पाणी लागतं, आणि आरओ चालवला की जेवढं मिळतं त्याहून जास्त पाणी बऱ्याचदा वेस्टमध्ये जातं. एप्रिल-मेमध्ये गावात टँकर येत असताना हे करायला मला तरी बरं वाटत नाही. त्यामुळे किनाऱ्यावर राहणाऱ्याने समुद्राचं पाणी नीट शिकून वापरावं असं माझं स्पष्ट मत आहे.

मग लोकांचे टँक बिघडतात ते कशाने? बाहेरचा खोल समुद्र त्याला कारण नसतो, बिघडवतो तो किनाऱ्यालगतचा शेवटचा पट्टा. गटारं, नाले, खाडीतून येणारा गाळ, जेटीवरचं डिझेल, मासे साफ केलेलं पाणी, होड्यांच्या तळाला लावलेला रंग, हे सगळं तिथेच असतं. त्या रंगात बऱ्याचदा तांबं असतं, शंख-कालवं चिकटू नयेत म्हणूनच तो लावतात, आणि जे तांबं कालवांना मारतं ते तुमच्या श्रिंपला, गोगलगायीला आणि कोरललाही मारतं, अगदी थोडं असलं तरी. म्हणून जेटी आणि बंदर पूर्ण बाद. मुंबईत जुहू, गिरगाव, माहीम कुठूनही पाणी भरू नका, शहराचं सांडपाणी त्याच समुद्रात जातं. खाडीच्या तोंडाजवळचं पाणीही नको. भाट्याला काजळी नदी मिळते, देवबागला कर्ली, पणजीला मांडवी, पाणी दिसायला कितीही छान असू दे, ओहोटीला तिथे नदीच बाहेर येत असते. आणि नदीच्या वर कुठे एमआयडीसी असेल तर विचारच करू नका. जागा शोधायची ती खाडीपासून चांगली लांब, वस्ती कमी, आणि शक्यतो खडपाची, म्हणजे जिथे कातळ थेट पाण्यात उतरतो. पुळणीवर लाटेबरोबर वाळू उठते, खडपाकडे पाणी त्या मानाने नितळ मिळतं. एक साधी खूण, खडपावरच्या डबक्यांत छोटे मासे, खेकडे, समुद्रफुलं, रंगीत शेवाळं दिसत असेल तर तिथलं पाणी बहुतेक ठीक असतं. नुसतंच हिरवंगार केसासारखं शेवाळ माजलेलं असेल तर जवळपास कुठेतरी सांडपाणी येतंय असं समजा.

महिन्यांचं बोलू. जून ते सप्टेंबर नाही म्हणजे नाही. सगळ्या नद्या भरून वाहतात, किनाऱ्याला खारटपणा एकदम उतरतो, गाळ येतो, आणि मातीबरोबर सिलिकेट येतं ज्याच्यामुळे टँकच्या काचेवर आणि वाळूवर तपकिरी थर धरतो. शिवाय त्या दिवसांत पाण्याजवळ जाणंच जिवावरचं. पाऊस थांबला की लगेच धावायचं असंही नाही, कारण पावसाळ्यात आणि त्याच्या शेवटाला आपल्या पश्चिम किनाऱ्यावर खोलातलं पाणी वर चढतं, त्यात नायट्रेट-फॉस्फेट जास्त असतं आणि ऑक्सिजन कमी. तेव्हा गणपती, नवरात्र जाऊ दे, दिवाळीनंतर बघा. मालवणला पाण्याखाली बघायला येणाऱ्या लोकांचा सीझन जेव्हा रंगात येतो तोच आपला सीझन, पाणी स्वच्छ असतं तेव्हाच ते लोक येतात.

त्यातही काही दिवस टाळायचे. हिवाळ्यात रात्री लाटा निळ्या चमकतात, लोक व्हिडिओ काढायला गर्दी करतात, ती नॉक्टिल्युका नावाच्या सूक्ष्म जिवाची करामत. दिसायला अप्रतिम, पण या जिवाच्या पेशीत अमोनिया साठवलेला असतो, तरंगायला सोपं जावं म्हणून, आणि तो मेला की तो अमोनिया पाण्यात सुटतो. असं पाणी कॅनमध्ये भरलं तर तुम्ही अमोनियाच घरी आणताय. साधारण फेब्रुवारीपासून मेपर्यंत कधी कधी पाण्यावर लाकडाचा भुसा सांडल्यासारखे पिवळट तपकिरी पट्टे दिसतात, ते ट्रायकोडेस्मियम, तेव्हाही नको. आणि उन्हाळा सरत आला की किनाऱ्याला डांबरासारखे काळे चिकट गोळे लागायला लागतात, टारबॉल म्हणतात त्याला, समुद्रात सांडलेल्या तेलाचे. पायाला डांबर लागलं तर त्या दिवशी कॅन रिकामाच घेऊन घरी या.

आता वेळ, आणि ही माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे. पाणी भरायचं ते भरती पूर्ण व्हायच्या आधीच्या तासाभरात. तेव्हा बाहेरच्या समुद्राचं पाणी आत आलेलं असतं. भरती फिरली की खाडीचं, नाल्याचं, किनाऱ्यावरची घाण धुतलेलं पाणी परत बाहेर जायला लागतं, त्याच जागी तीन-चार तासांनी भरलेलं पाणी वेगळंच असू शकतं. भरतीची वेळ मोबाईलवर मिळतेच पण आपल्याकडे जुना हिशोब आहे, तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी आणि पहाटे तीनच्या सुमाराला पूर्ण भरती. अष्टमीला आठची पाऊणपट सहा. जागेप्रमाणे अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतं, म्हणून जायच्या आधी भरतीचं टेबल बघून घ्या, पण अंदाज बांधायला हा हिशोब एकदम कामाचा.

आणि आता उधाण की भांग? अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, पाणी जास्त आत येतं, ते चांगलं वाटतं, पण ओढ जोराची असल्याने तळाचा गाळ उठतो आणि पाणी गढूळ होतं. अष्टमीच्या आसपास भांग असतो, पाण्याची ये-जा कमी, पाणी नितळ. मी भांगाच्या बाजूचा आहे. खाडीपासून लांबची जागा निवडली असेल तर उधाणाच्या जास्तीच्या पाण्याची गरज पडत नाही, आणि अष्टमीला सकाळी सहाच्या सुमाराला भरती म्हणजे किनाऱ्यावर गर्दी नाही, बोटी नाहीत, वारा पडलेला, याच्याहून सोयीची वेळ नाही.

भरायची पद्धत. कॅन खाण्याच्या वस्तूंचा किंवा पिण्याच्या पाण्याचाच हवा, २० लिटरचा बरा. फिनेल, रंग, ऑइल, साबण यातलं काहीही ज्यात एकदा जरी होतं तो कॅन कितीही धुतला तरी नको, प्लास्टिक वास धरून ठेवतं तसं बाकीचंही धरतं. पितळी कॉक, लोखंडी बादली, तांब्याचं भांडं यांचा पाण्याला स्पर्श नको. किनाऱ्यावर गेल्यावर आधी त्याच पाण्याने कॅन दोनदा विसळून घ्या. मग मांडीभर पाण्यात उभं राहून झाकण बंद ठेवूनच कॅन पाण्याखाली हातभर दाबायचा, तिथे झाकण उघडायचं, तोंड समुद्राकडून येणाऱ्या पाण्याकडे, पायाने उठलेली वाळू मागे राहील असं, आणि भरला की झाकण खालीच लावून वर काढायचा. एवढा खटाटोप कशाला, तर पाण्याच्या अगदी वरच्या पातळ थरात तेल, फेस, परागकण, तरंगणारा कचरा असतो, तो आत नको. २० लिटरचा भरलेला कॅन साडेवीस किलोच्या वर भरतो, ओल्या कातळावरून तो एकट्याने आणायचा प्रयत्न करू नका, खडपावरचं शेवाळ फार निसरडं असतं. सोबत माणूस हवाच.

घरी आणल्यावर काय करायचं यावर लोकांचे दोन पक्ष आहेत. एक म्हणतो त्याच दिवशी वापरा, ताज्या पाण्यातले सूक्ष्म जीव कोरलला खायला मिळतात. जागा खरोखर स्वच्छ असेल आणि टँकमध्ये मासे कमी, कोरल जास्त असतील तर हे चालतं. दुसरा म्हणतो साठवून वापरा, आणि बहुतेकांना मी हेच सांगेन, कारण ताज्या पाण्याबरोबर माशांना पांढरे ठिपके आणणारे परजीवीसुद्धा येऊ शकतात. साठवायचं म्हणजे अंधारात, झाकून, आणि आत एअर स्टोन (एअर पंपाला जोडलेला, पाण्यात बुडबुडे सोडणारा दगड) चालू ठेवून, साधारण पंधरा दिवस. होतं काय, तर पाण्यातले बारीक जीव अंधारात मरतात, ते कुजताना मधे अमोनिया वाढतो, मग बॅक्टेरिया तो संपवतात आणि पाणी बसतं. म्हणजे त्याच दिवशी वापरा किंवा पंधरा दिवसांनी वापरा, मधल्या तिसऱ्या-चौथ्या दिवशी वापरणं सगळ्यात वाईट. परजीवींचे काही कोश याहून जास्त टिकतात त्यामुळे धोका शून्य होत नाही, कमी होतो. पंधरा दिवसांनी बघितलं तर तळाला तपकिरी धुळीसारखा मऊ थर बसलेला दिसेल आणि वरचं पाणी काचेसारखं. कॅन हलवायचा नाही, पाईप वरच्या भागात ठेवून सायफनने पाणी ओढायचं, शेवटचे दोन-तीन लिटर सोडून द्यायचे. मधे ५ मायक्रॉनची फिल्टर सॉक, म्हणजे बारीक गाळणीची पिशवी, लावलीत तर उत्तम. एअर पंप न लावता कॅन बंद करून ठेवला असेल आणि उघडल्यावर सडक्या अंड्याचा वास आला तर ते पाणी सरळ फेकून द्या, वाचवायला जाऊ नका.

कोळंबीच्या हॅचरीत समुद्राचं पाणी क्लोरीनने निर्जंतुक करून, मग क्लोरीन काढून वापरतात. घरी हे करता येतं, पण उरलेला क्लोरीन पूर्ण गेलाय हे टेस्ट किटने बघितल्याशिवाय एक थेंबही टँकमध्ये जाता कामा नये, त्यामुळे नवख्या माणसाने या वाटेला जाऊ नये.

मग मोजमाप. रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे खारटपणा मोजायचं उपकरण घ्या, आणि तो ३५ पीपीटीच्या तयार द्रावणाने सेट करा, नुसत्या आरओच्या पाण्यावर शून्य दाखवतो म्हणजे ३५ ला बरोबर दाखवेलच असं नाही. समजा २० लिटरचा कॅन ३१ दाखवतोय, म्हणजे लिटरमागे ४ ग्रॅम कमी, एकूण ८० ग्रॅम. पाकिटातल्या मिठात थोडा ओलावा धरलेला असतो म्हणून ९० ग्रॅमच्या आसपास मरीन सॉल्ट विरघळवायचं आणि परत मोजायचं. स्वयंपाकाचं मीठ नाही, त्यात बाकीचे क्षार नसतात. उन्हाळ्यात उलटं होतं, ३७ सुद्धा दाखवू शकतो, तेव्हा २० लिटरला साधारण १.१ लिटर आरओचं पाणी. आणि आकडा ३० च्या खाली असेल तर मीठ घालत बसू नका, तिथे गोडं पाणी मिसळतंय हे कळलं, जागा बदला.

रीफ टँकवाल्यांनी, म्हणजे कोरल ठेवणाऱ्यांनी, केएच आवर्जून बघावा. समुद्राच्या पाण्यात तो साडेसहा-सात डिग्रीच्या (डीकेएच) आसपास असतो, कॅल्शियम ४१० ते ४२० पीपीएम, मॅग्नेशियम १३०० पीपीएमच्या जवळ. पण रीफ सॉल्टवर, म्हणजे कोरलसाठीच्या पाकिटातल्या मिठावर, चालणाऱ्या टँकमध्ये केएच बऱ्याचदा ९ वगैरे ठेवलेला असतो. १० टक्के पाणी बदललं तर ९ चा पावणेनऊ होतो, काही बिघडत नाही. पण समुद्राचं पाणी फुकट आहे म्हणून एकदम ५० टक्के बदललं तर एका तासात ९ चा पावणेआठ, आणि कोरलच्या टोकांना हा धक्का सोसत नाही. म्हणून हळूहळू वळा, महिना-दोन महिने घ्या. फक्त मासे ठेवणाऱ्यांना याची एवढी काळजी नाही.

आता एक चूक जी खूप लोक करतात आणि लक्षात येईपर्यंत उशीर होतो. टँकमधलं पाणी उडून जातं ते भरून काढायला समुद्राचं पाणी वापरायचं नाही. वाफ होते ती पाण्याची, मीठ मागेच राहतं. हिशोब करून बघा, २०० लिटरच्या टँकमध्ये ३५ ने सात किलो क्षार आहेत. रोज दोन लिटर उडालं आणि तेवढंच समुद्राचं पाणी घातलं तर रोज ७० ग्रॅम क्षार वाढले, महिन्यात दोन किलो शंभर ग्रॅम, म्हणजे खारटपणा ४५ च्या वर. उडालेल्या पाण्याच्या जागी आरओचं गोडं पाणीच, समुद्राचं पाणी फक्त काढलेल्या पाण्याच्या जागी.

पुणे-कोल्हापूरच्या लोकांनी मुद्दाम पाण्यासाठी घाट उतरावा का? नाही, डिझेल आणि दिवस दोन्हीचा हिशोब लावला तर मीठ परवडतं. पण गावी जाणं-येणं असेल आणि गाडीत जागा असेल तर पाच-सहा कॅन भरून आणायला हरकत नाही, फक्त झाकणं घट्ट आणि कॅन उभे, खारं पाणी गाडीत सांडलं की पत्रा गंजतो.

आणि आणायचं ते फक्त पाणी. खडपावर एखादा कोरलचा तुकडा, समुद्रघोडा, जिवंत खडक (ज्यावर जीव वाढलेत असा दगड) दिसला तरी हात लावायचा नाही. सगळे कठीण कोरल आणि समुद्रघोडे २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या रांगेत, आणि मालवणला तर सागरी अभयारण्यच आहे, १९८७ पासून. कायदा सोडा, सिंधुदुर्ग किल्ल्याभोवती जे थोडं प्रवाळ उरलंय त्यातला एक तुकडा आपल्या टँकसाठी तोडणं मनालाच पटत नाही.

प्रत्यक्ष बदलायच्या दिवशी पाणी टँकच्या तापमानावर आणा, एका डिग्रीपेक्षा जास्त फरक नको, चार तास एअर स्टोन चालू, मग अमोनिया, नायट्रेट, फॉस्फेट टेस्ट करा. अमोनिया शून्य नसेल तर अजून आठवडा थांबा, खाऱ्या पाण्याचा पीएच जास्त असल्याने तेवढाच अमोनिया इथे गोड्या टँकपेक्षा जास्त विषारी ठरतो. आकडे बरोबर असतील तर पंप बंद करा, जुनं पाणी काढा, नवं सम्पमध्ये (टँकला जोडलेल्या फिल्टरच्या टाकीत) हळूहळू सोडा, १०-१५ टक्के, आणि पंप चालू करून अर्ध्या तासाने खारटपणा परत एकदा मोजा. प्रत्येक कॅनवर जागा, तारीख, तिथी आणि आकडा मार्करने लिहून ठेवत चला, वर्षभरात तुमच्याच किनाऱ्याचं पाणी कुठल्या महिन्यात कसं असतं याची नोंद तुमच्याकडे तयार होईल, आणि ती दुसरीकडे कुठे वाचायला मिळणार नाही.